एकच चाल, दोन गज

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातले फिडलवादन आणि त्यातून पुढे आलेले कंट्री व ब्लूग्रास हे अमेरिकन संगीतप्रकार मुळात स्कॉटलंडहून गेलेल्या लोकांचेच संगीत आहे, असे माहितीपटांतून वारंवार सांगितले जाते, ते कितपत खरे आहे, अमेरिकेने स्कॉटलंडला उलट काही दिले का, आणि हे सगळे कानाने पारखायचे असेल तर व्हायोलिन शिकणाऱ्याने काय ऐकावे? मी पुण्यात हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले आणि गेली सव्वीस वर्षे ग्लासगोत राहून फिडल वाजवते व शिकवते. त्यामुळे इतिहासकार जे उत्तर कागदपत्रांवरून देतील ते मी उजव्या हातावरून, म्हणजे गज धरणाऱ्या हातावरून, देणार आहे.

आधी एक खुलासा करते. फिडल आणि व्हायोलिन ही दोन वेगळी वाद्ये नाहीत. वाद्य एकच आहे, आणि नाचाच्या किंवा लोकसंगीताच्या अंगाने ते वाजवले की त्याला फिडल म्हणतात. मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून बसण्याची आपली बैठक सोडून मी खांद्यावर वाद्य धरायला लागले, तेव्हा डाव्या हाताला फारसा त्रास झाला नाही, कारण मींड आणि गमकाच्या रियाजाने तो तयार झालेला होता. खरी अडचण गजाची झाली. आपल्याकडे गज गायकाच्या श्वासासारखा लांब चालतो. इथल्या नाचाच्या संगीतात मात्र सूरही गजानेच काढायचा आणि तबलजीचे कामही गजानेच करायचे असते. माझी पहिली दोन वर्षे सूर अगदी बरोबर आणि नाच अशक्य, अशा अवस्थेत गेली. तेव्हापासून कुठलीही चाल 'कुठली' आहे हे ठरवताना मी आधी गज पाहते, आणि या प्रश्नाकडेही त्याच सवयीने पाहते आहे.

अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये नाचाचा मोठा आधार फिडलवादक हाच होता. पर्थशरमध्ये डंकेल्डजवळच्या इन्व्हर या वस्तीत राहणारे नील गाऊ (१७२७–१८०७) हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. ते सरदारघराण्यांतल्या नाचांना वाजवायला जात आणि त्यांचे बंधू डोनाल्ड शेजारी बसून चेलोवर साथ करत. त्यांच्या वादनाबद्दल जे लिहून ठेवलेले आहे, त्यात त्यांच्या चढत्या गजाचा, म्हणजे टोकाकडून मुठीकडे ढकलल्या जाणाऱ्या गजाचा, जोर मुद्दाम नोंदलेला आहे. बहुतेकांचा चढता गज उतरत्या गजापेक्षा दुबळा पडतो, कारण उतरत्या गजाला हाताचे वजन आयते मिळते; गाऊ यांचा तसा पडत नसे. याच काळात स्पे नदीच्या खोऱ्यावरून ज्याचे नाव पडले तो 'स्ट्रॅथस्पे' हा नाचाचा प्रकार बहरला, आणि त्यातला एक ठसका आजही स्कॉटिश संगीताची ओळख मानला जातो. एका मात्रेचे चार भाग केले, तर पहिला स्वर फक्त एका भागाचा आणि दुसरा तीन भागांचा, असा तो आखूड-लांब झटका आहे. 'स्कॉट्स स्नॅप' हे त्याचे नाव. तो गजाच्या छोट्या झटक्यानेच निघतो, आणि कागदावर तंतोतंत लिहिला तरी ज्याने तो ऐकलेला नाही त्याच्या हातून निघत नाही.

आता स्थलांतराकडे येऊ, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. अमेरिकेत गेलेले 'स्कॉट' एका जातीचे नव्हते. १७३० च्या दशकापासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारे लोक उत्तर कॅरोलायनातल्या केप फिअर नदीच्या खोऱ्यात वसू लागले. त्यांच्यापेक्षा संख्येने कितीतरी मोठा लोंढा मात्र अल्स्टरमधून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातून, आला. हे लोक सतराव्या शतकात स्कॉटलंडच्या सखल भागातून अल्स्टरला जाऊन वसलेल्यांचे वंशज होते. ते पेनसिल्व्हेनियात उतरले आणि तिथून दक्षिणेकडे व्हर्जिनिया, कॅरोलायना असे सरकत डोंगरांत शिरले. म्हणजे ॲपलाचियात पोहोचलेल्या बहुसंख्य 'स्कॉट' कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या स्कॉटलंड पाहिलेलेच नव्हते. शिवाय त्याच वाटेने इंग्रज आणि जर्मन कुटुंबेही आली होती, आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक तर आधीपासून तिथे होते. डोंगराआड शतकानुशतके जपून ठेवलेले 'शुद्ध स्कॉटिश संगीत' ही कल्पना म्हणून मला कधीच पटली नाही. गोष्ट म्हणून ती गोड आहे, इतकेच.

चाली मात्र खरोखर गेल्या, आणि त्यांचा माग निश्चित काढता येतो. नील गाऊ यांचे चिरंजीव नॅथॅनियल यांनी १८०२ मध्ये फाइफ परगण्यातल्या एका नाचाच्या मेळाव्यासाठी 'फेअरी डान्स' ही चाल बांधली. अमेरिकेच्या दक्षिण भागात तीच 'ओल्ड मॉली हेअर' या नावाने वाजते. 'लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील' (रील म्हणजे जलद नाचाची चाल) तिकडे 'लेदर ब्रिचेस', म्हणजे 'चामड्याची विजार', झाली. सरदाराचे नाव गळून पडले आणि त्या जागी शेतकऱ्याचे कपडे आले, हा बदल मला फार बोलका वाटतो. 'मिस मॅक्लाउड्स रील' ही 'हॉप हाय लेडीज' झाली. डॅनियल डाऊ यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲबर्डीनशरमधल्या मोनिमस्कच्या जमीनदारासाठी केलेली चाल न्यू इंग्लंडमधल्या नाचांत 'मनी मस्क' या नावाने इतकी रुळली, की तिथल्या पुष्कळ वादकांना मोनिमस्क हे गावाचे नाव आहे याचा पत्ताही नसतो.

माझ्या वर्गात मी कधीकधी एक प्रयोग करते. 'फेअरी डान्स'चे स्वरलेखन, वरचे नाव झाकून, दोन विद्यार्थ्यांना देते: एक इथेच वाढलेला, दुसरा उत्तर कॅरोलायनातून आलेला. दोघेही तेच स्वर वाजवतात. इथला विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक स्वराला वेगळा गज देतो, स्वर सुटे आणि टोकदार ठेवतो, आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या मात्रेवर पाय आपटावासा वाटेल असा भार टाकतो. कॅरोलायनाचा विद्यार्थी एक लांब आणि दोन आखूड असे गजाचे आवर्तन धरतो, दोन-तीन स्वर एका गजात ओढून घेतो आणि भार मात्रेवर टाकण्याऐवजी मात्रेच्या मध्ये, आपण ज्याला ऑफबीट म्हणतो तिथे, टाकतो. शिवाय तो शेजारची मोकळी तार सतत छेडत राहतो, त्यामुळे सुराखाली तंबोऱ्यासारखा षड्ज घुमत असतो. ऐकणाऱ्याला वाटते की चाली दोन आहेत. चाल एकच असते. गज दोन असतात.

मोकळ्या तारेवरून एक आडवळण घेते, कारण व्हायोलिन शिकणाऱ्या मराठी वाचकाला ते उपयोगी पडेल. ॲपलाचियातले जुने वादक अनेक चालींसाठी वाद्य वेगळे लावतात. खालच्या दोन तारा एकेका स्वराने चढवून जी जुळणी होते ती म्हणजे आपल्या भाषेत सरळ सा-प-सा-प, अगदी आपल्याकडच्या षड्ज-पंचमाच्या जुळणीसारखी. ही जुळणी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या जुन्या चालींतही सापडते आणि अठराव्या शतकातल्या स्कॉटिश पुस्तकांतही तिच्या खुणा आहेत. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर ती पुढे मागे पडली. शिकलेले वादक शास्त्रीय व्हायोलिनच्या वळणावर गेले आणि वरच्या पट्टीत सफाईने वाजवणे हे कौशल्याचे लक्षण ठरले. म्हणजे काही बाबतींत अमेरिकेने जुने जपले आणि स्कॉटलंडने ते टाकले, हे खरे आहे. पण स्ट्रॅथस्पेच्या बाबतीत नेमके उलटे घडले. स्ट्रॅथस्पे दक्षिणेकडच्या डोंगरांत जवळजवळ नाहीसा झाला, त्याचा ठसका सपाट झाला आणि सगळ्या चाली एकाच धावत्या लयीत ओतल्या गेल्या.

ती धावती, भार सरकवणारी लय कुठून आली? माझे स्पष्ट मत असे आहे की तिचा मोठा भाग आफ्रिकी अमेरिकन वादकांकडून आला. वसाहतींच्या काळात व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांच्या घरी नाचाला फिडल वाजवणारा माणूस पुष्कळदा गुलाम असे, आणि पळून गेलेल्या गुलामांच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत ज्या जाहिराती येत, त्यांत 'फिडल चांगले वाजवतो' ही ओळखीची खूण म्हणून दिलेली आढळते. मालकांना हव्या त्या स्कॉटिश, आयरिश, इंग्रजी चाली हे वादक वाजवत, पण ज्या हातांनी ते वाजवत ते हात वेगळ्या तालात वाढलेले होते. त्यात भर पडली बँजोची. भोपळ्याचे पोकळ पोट आणि वर ताणलेले कातडे असलेल्या पश्चिम आफ्रिकी वाद्यांच्या कुळातले हे वाद्य गुलामांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवले. एकोणिसाव्या शतकात फिडल आणि बँजो यांची जोडी जमली, आणि बँजोच्या आखूड, तुटक, आडव्या तालाशी जुळवून घेताना फिडलचा गज बदलला. म्हणून 'मुळात स्कॉटिश' हे वर्णन चालींच्या नावांपुरते काही अंशी बरोबर आहे. नाच ज्यावर चालतो त्या लयीच्या बाबतीत ते अपुरे आहेच, शिवाय अन्याय्यही आहे.

गाण्यांची कहाणी वेगळी आहे. कथा सांगणाऱ्या लांब गीतांना बॅलड म्हणतात. आपल्या पोवाड्याशी त्यांची तुलना होते, पण पोवाड्यातला वीररस आणि डफ-तुणतुण्याची साथ त्यांत नसते. बऱ्याचदा एकच व्यक्ती, साथीशिवाय, चेहऱ्यावर काहीही न दाखवता खून, विश्वासघात, बुडालेले जहाज सांगत जाते. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात अशा ३०५ बॅलडांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यातल्या पुष्कळ उत्तम आवृत्त्या स्कॉटलंडमधून, त्यातही ईशान्य भागातल्या बायकांच्या तोंडून, उतरवलेल्या होत्या. म्हणजे स्कॉटिश गीतांचे प्रमाण मानलेले पुस्तक एका अमेरिकन माणसाने मॅसॅच्युसेट्समध्ये बसून तयार केले. पुढे १९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस ॲपलाचियात पायपीट करून आले आणि त्यांनी सुमारे १,६०० चाली टिपून आणल्या. शार्प यांचे काम मोठेच आहे, पण त्यांना जे शोधायचे होते तेच त्यांनी शोधले. पुस्तकाच्या नावात त्यांनी या सगळ्या गीतांना 'इंग्रजी' म्हटले, आणि फिडल-बँजोच्या संगीताकडे व कृष्णवर्णीय गायकांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. डोंगरात फक्त गोऱ्या ब्रिटिश पूर्वजांचे संगीत उरले आहे, या समजाला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

इथे आणखी एक वाद सांगायला हवा, कारण प्रश्नकर्त्यांना तो कुठेतरी भेटेलच. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या गेलिक चर्चमध्ये स्तोत्रे गाताना पुढारी गायक एक ओळ सांगतो आणि मागून सगळी मंडळी ती आपापल्या हरकती घेत, लाटेसारखी पसरवत गातात. आपल्या भजनात बुवांनी चरण म्हणायचा आणि टाळकऱ्यांनी तो उचलायचा, तशी ही रचना आहे, फक्त ताल नाही. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय चर्चमध्येही ओळ सांगून गाण्याची जुनी पद्धत टिकून आहे. हे साम्य ऐकून येल विद्यापीठातले जॅझ वादक विली रफ यांनी असा सिद्धांत मांडला की कृष्णवर्णीयांची ही गानपद्धती गेलिक वसाहतकऱ्यांकडून आली. तो वर्तमानपत्रांत खूप गाजला. दोन्ही गायन मी प्रत्यक्ष ऐकले आहे आणि अंगावर काटा आणणारे साम्य त्यांत आहे, हे मान्य करते. तरीही ओळ सांगून गाण्याची शिफारस १६४० च्या दशकात लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर सभेने केली होती, कारण मंडळींना वाचता येत नव्हते आणि पुस्तकेही नव्हती. ती इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिका, तिन्हीकडे पसरली. दोन भावंडांचे तोंडवळे जुळले म्हणून एकाला दुसऱ्याचा बाप ठरवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता उलट दिशेचा प्रवास. हा भाग लोकांना कमी माहीत असतो आणि मला अधिक रंजक वाटतो. जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७), ज्यांना 'स्ट्रॅथस्पेचा राजा' म्हणत, ते १९२६ मध्ये, वयाची ऐंशी उलटलेली असताना, अमेरिकेत एका स्पर्धेसाठी गेले आणि पियानोच्या साथीवरून व स्पर्धेच्या नियमांवरून चिडून मंचावरून चालते झाले. दोन तीरांची लय तोवर किती दुरावली होती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही. पण त्याच सुमारास ग्रामोफोन आणि रेडिओ आले, आणि मग बोटीतून माणूस गेल्याशिवाय संगीत जात नाही, ही अटच संपली. शेटलंड बेटांवर १९२० मध्ये जन्मलेल्या विली जॉन्सन यांनी लघुलहरींवर अमेरिकन केंद्रे लावून एडी लँग यांची जॅझ गिटार ऐकली आणि शेटलंडच्या रीलांना तशी साथ बसवली: आधी खर्जाचा एक स्वर, मग जॅझमधल्या स्वरसंघाचा (कॉर्डचा) एक तुटक आघात, आणि प्रत्येक मात्रेला नवा स्वरसंघ. शेटलंडच्या बोलीत 'पीरी' म्हणजे छोटा. 'पीरी विली' या नावाने ते ओळखले जात. आज शेटलंडमधल्या लर्विक या गावी पाहुण्यांना 'अस्सल शेटलंडची' म्हणून जी गिटारची साथ ऐकवतात, ती अमेरिकेतल्या एका स्टुडिओतून वाऱ्यावर आलेली आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे नाट्यसंगीतात ऑर्गन आले, तेव्हा कुणाचे काय बिघडले?

दुसऱ्या महायुद्धानंतरची सर्वांत मोठी घटना १९५१ ची. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्टविरोधी धरपकडीच्या वातावरणामुळे लोकसंगीताचे अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स युरोपात येऊन राहिले होते. त्या वर्षी ते ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन स्कॉटलंडमध्ये फिरले. कवी आणि संशोधक हॅमिश हेंडरसन त्यांचे वाटाडे होते. शेतमजूर, कोळी, गेलिक गायिका, पाइपवादक यांना त्यांनी यंत्रासमोर बसवले. त्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठात स्कॉटिश लोकपरंपरेच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले आणि लोमॅक्स यांच्या फितींच्या प्रती त्याच्या संग्रहाच्या पायाशी आहेत. पुढे १९५३ मध्ये हेंडरसन यांना ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटल्या. भटक्या समाजातल्या या गायिकेच्या तोंडी मोठमोठ्या बॅलडांचे भांडार होते. लोमॅक्स यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे ध्वनिमुद्रण केले. केंटकीच्या डोंगरातल्या जीन रिची याच सुमारास अभ्यासवृत्ती घेऊन आपल्या घरच्या गाण्यांची मुळे शोधत आल्या आणि रॉबर्टसन यांच्याकडेही गेल्या. आपल्या आजीने गायलेले गाणे परक्या देशातल्या परक्या बाईच्या तोंडून, चार शब्दांच्या फरकाने, ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

अमेरिकन लोकांनी दाखवल्यावरच स्कॉट लोकांना आपले संगीत दिसले, असे मी म्हणणार नाही. हेंडरसन आधीपासून कामाला लागलेले होते. पण शहरातल्या तरुणांना हे सगळे आवडू लागण्यामागे अमेरिकन गाण्यांचा मोठा वाटा आहे. ग्लासगोत जन्मलेले लॉनी डोनेगन यांनी लेडबेली या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाकडून घेतलेले, मुळात आर्कन्सॉच्या तुरुंगात १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले रेल्वेचे गाणे भरधाव लयीत म्हटले आणि १९५६ मध्ये ते अमेरिकेतही पहिल्या दहांत पोहोचवले. तीन स्वरसंघांची गिटार, धुण्याचा खरखरीत पत्रा आणि चहाच्या खोक्याला दोरी बांधून केलेला बास, एवढ्यावर हे संगीत वाजत असल्याने गल्लोगल्ली पोरे वाजवू लागली. त्यांतली काही पुढे आजोबांच्या गाण्यांकडे वळली. एडिनबराच्या क्लबांत गिटारवादक बर्ट जान्श यांनी अमेरिकन गायक ब्राउनी मॅगी यांचे ब्लूज ऐकले आणि त्याच बोटांनी स्कॉटिश व आयरिश गाणी वाजवली. १९६१ मध्ये अमेरिकन पाणबुड्या स्कॉटलंडच्या होली लॉक या खाडीत आल्या, तेव्हाची निषेधाची गाणी तर ओळखीच्या अमेरिकन चालींवर ग्लासगोच्या रांगड्या बोलीत रचलेली होती, आणि त्यांची तबकडी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या फोकवेज या कंपनीने काढली. ज्या देशाचा निषेध, त्याच देशाची चाल आणि त्याच देशाचा प्रकाशक, असा तो प्रकार होता.

लोकसंगीताबाहेरची एक नोंद करते, कारण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डंडी, पर्थ, ग्लासगो अशा भागांतल्या तरुणांच्या 'ॲव्हरेज व्हाइट बँड'ने कृष्णवर्णीय अमेरिकनांचे फंक हे ठेकेदार नाचाचे संगीत इतके पचवले, की त्यांचे सॅक्सोफोनप्रधान वाद्यगीत फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि जेम्स ब्राउन यांच्या साथीदारांनी 'अबव्ह ॲव्हरेज ब्लॅक बँड' असे नाव घेऊन त्यांना सुरांतच चिमटा काढला. रॉक आणि पॉपचा हा प्रांत माझा नाही, म्हणून इथे थांबते.

बॅगपाइपवर वाजणारे 'अमेझिंग ग्रेस' ऐकून स्कॉटलंड डोळ्यांपुढे येत नाही असा माणूस विरळा. त्याचे शब्द एका इंग्रज पाद्र्याचे, जॉन न्यूटन यांचे, अठराव्या शतकातले. त्या शब्दांना आजची चाल जोडली गेली अमेरिकेच्या दक्षिण भागात, १८३५ च्या एका स्तोत्रपुस्तकात. स्कॉटलंडच्या 'रॉयल स्कॉट्स ड्रगून गार्ड्स' या पलटणीच्या बँडने ती पाइपवर वाजवली आणि १९७२ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. पाइपवर ती इतकी चपखल बसते याचे कारण साधे आहे. चाल पाच स्वरांची आहे, सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर, आणि पाइपच्या अवघ्या नऊ स्वरांत ती सहज मावते. (स्वर भूपाचे आहेत म्हणून चाल भूपात आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. रागाचे चलन तिच्यात नाही.)

असेच दुसरे उदाहरण 'अशोकन फेअरवेल'चे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले जे अंगर यांनी १९८२ मध्ये, आपले उन्हाळी फिडल शिबिर संपल्याच्या हुरहुरीत, स्कॉटिश शोकगीताच्या वळणाने ही चाल बांधली. १९९० मध्ये अमेरिकन यादवी युद्धावरच्या दूरचित्रवाणी मालिकेत ती वाजली आणि असंख्य लोकांना ती एकोणिसाव्या शतकातलीच वाटली. ती शिकवताना मला गंमत अशी दिसते, की स्कॉटिश विद्यार्थी तिच्यात आपसूक छोटे ठसके घालतात, आणि ती आणखीच जुनी वाटू लागते.

गेल्या चाळीस वर्षांत ही ये-जा उघड आणि ठरवून होऊ लागली आहे. स्कॉटलंडचे ॲलस्टर फ्रेझर कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आणि १९८४ मध्ये त्यांनी तिथे स्कॉटिश फिडलची उन्हाळी शाळा सुरू केली. तिथे शिकलेल्यांपैकी नॅटली हास या अमेरिकन चेलोवादक पुढे त्यांच्या जोडीदार झाल्या. लक्षात घ्या, फिडलला चेलोची तालबद्ध साथ म्हणजे नील आणि डोनाल्ड गाऊ या बंधूंचीच रचना. स्कॉटलंडमध्ये ती विस्मरणात गेली होती, आणि ती परत आली कॅलिफोर्नियातून, जॅझ आणि अमेरिकन फिडलमधले गजाचे तुटक आघात सोबत घेऊन. शेटलंडचे ॲली बेन आणि डोब्रो ही आडवी धरायची गिटार वाजवणारे अमेरिकन जेरी डग्लस यांच्या पुढाकाराने रंगलेली 'ट्रान्सअटलांटिक सेशन्स' ही मालिका १९९५ पासूनची आहे, आणि जानेवारीत ग्लासगोच्या 'केल्टिक कनेक्शन्स' महोत्सवात त्याच नावाचा कार्यक्रम दरवर्षी गर्दी खेचतो. त्यात कधीकधी सगळे मिळून एकच चाल वाजवतात आणि सगळे गज एकसारखे होतात. ते ऐकायला छान असले तरी मला त्यात थोडी चव हरवल्यासारखी वाटते. हा माझा पूर्वग्रह समजा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या उत्तर कॅरोलायनातल्या रियानन गिडन्स. त्यांनी जो टॉमसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकांकडे बसून त्या भागातली जुनी फिडल-बँजो परंपरा शिकून घेतली, आणि त्याच गिडन्स स्कॉटलंडची गेलिक 'तोंडाची गाणी'ही म्हणतात. वाद्य हाताशी नसताना नाचासाठी बोल म्हणायचे, असा तो प्रकार आहे. तबल्याचे बोल तोंडाने म्हणावेत तसा, फक्त बोलांना बहुधा अर्थ असतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मैफलीत त्यांनी ती गायली, तेव्हा गेलिक शब्द आणि कॅरोलायनाचा मागे-पुढे सरकणारा भार एकाच श्वासात ऐकू येत होता.

राहिला ऐकण्याचा प्रश्न. 'फेअरी डान्स'चे एखादे स्कॉटिश ध्वनिमुद्रण आणि लगेच 'ओल्ड मॉली हेअर'चे ॲपलाचियन ध्वनिमुद्रण लावा, आणि पहिल्या दिवशी वाद्याला हात लावू नका. दोन्हींवर फक्त टाळी धरा आणि टाळी मात्रेवर पडते की मात्रेच्या मध्ये, एवढेच पाहा. दुसऱ्या दिवशी वाद्य सा-प-सा-प लावून, डावा हात तारांना न लावता, मोकळ्या तारांवर केवळ दोन्हींचा गज वाजवून पाहा. ज्याला मोकळ्या तारांवर या दोन चाली वेगळ्या वाजवता येतात, त्याने सूर मागाहून शिकले तरी चालेल. माझे विद्यार्थी या टप्प्यावर साधारण तीन आठवडे अडकतात, आणि हिंदुस्थानी पद्धतीने शिकून आलेले थोडे अधिकच, कारण गज आखूड करायला त्यांचा हात तयार होत नाही. माझाही झाला नव्हता.